५५ की ६५ इंची टीव्ही? पीएस५, बाबांच्या बातम्या आणि नो-कॉस्ट ईएमआय : सल्ला हवाय

पौडरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. हॉलमधला टीव्ही अकरा वर्षांचा झाला, ४० इंची फुल एचडी, आता खालच्या बाजूला काळी पट्टी आलीये आणि रिपेअरवाला म्हणतो पॅनल गेलं, त्यात पैसे घालू नका. त्यामुळे नवीन घ्यायचाच आहे.

घरची परिस्थिती सांगतो म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. कोथरूडला तिसरा मजला, गॅलरी पश्चिमेला, दुपारी चार ते साडेसहा ऊन थेट हॉलमध्ये. बाबा रिटायर्ड, सकाळी सातपासून मराठी न्यूज चॅनेल चालू ते जेवणापर्यंत, परत चहानंतर चालू. आई सात ते साडेनऊ मालिका बघते, ती समोर सोफ्यावर नाही, खिडकीजवळच्या दिवाणावर बसते म्हणजे बरीच तिरक्या बाजूने. दहानंतर माझा नंबर, पीएस५ (प्लेस्टेशन ५, गेमचा कन्सोल). आणि शनिवारी रात्री मी आणि बायको पिक्चर बघतो, तो आमचा ठरलेला कार्यक्रम.

बजेट ८० हजारापर्यंत. परवा दुकानात गेलो तर त्यांनी ६५ इंची दाखवला, म्हणाले नो-कॉस्ट ईएमआय, बारा महिने, खिशातून आज काहीच नाही. माझ्या क्रेडिट कार्डाचं लिमिट १ लाख २० हजार आहे. जानेवारीत बावधनच्या फ्लॅटसाठी होम लोनला अर्ज करायचाय. ओएलईडी घ्यावा का मिनी-एलईडी, ५५ का ६५, आणि ईएमआय करावा का एकदम भरावेत? तीनही गोष्टीत गोंधळ आहे.

वाकडवासी

ओएलईडी घे, दुसरा विचारच करू नकोस. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः देतो, काळं म्हणजे पिक्सेल बंदच, मागे बॅकलाइट नाही. रात्री लाइट घालवून पिक्चर बघताना वर-खाली ज्या काळ्या पट्ट्या असतात ना त्या भिंतीत मिसळून जातात. मी तीन वर्षं वापरतोय, एकदा ते बघितलं की एलईडीवरचं काळं राखाडी वाटायला लागतं. तिरक्या बाजूने पण रंग जात नाहीत, म्हणजे आईंचा प्रश्न तिथेच सुटला. ८० हजारात आधीच्या वर्षाचं मॉडेल ऑफरमध्ये मिळू शकतं.

तपकीरगल्ली

वाकडवासींचं पिक्चर क्वालिटीबद्दल सगळं बरोबर आहे पण दादा तुमच्या घरात ओएलईडी नको. मी टीव्ही दुरुस्तीचं काम करतो म्हणून सांगतो.

न्यूज चॅनेलवर खाली ब्रेकिंगची लाल-पिवळी पट्टी, कोपऱ्यात लोगो, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ, हे दिवसाचे आठ-दहा तास एकाच जागी तसंच. ओएलईडीचे पिक्सेल सेंद्रिय पदार्थाचे असतात, जितके जास्त आणि जितक्या जास्त ब्राइटनेसला पेटतात तितके झिजतात. पट्टीच्या जागचे पिक्सेल बाकीच्यांपेक्षा आधी म्हातारे होतात आणि मग पिक्चरमध्ये निळं आकाश आलं की त्यात पट्टीचा पुसट ठसा दिसतो. त्याला बर्न-इन म्हणतात. कंपन्यांनी उपाय केलेत, चित्र एकदोन पिक्सेल हलवत राहतात, लोगो मंद करतात, बंद असताना पॅनल रिफ्रेश चालवतात. त्यासाठी टीव्ही रिमोटने बंद करून मेन स्विच चालू ठेवावा लागतो, आणि आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसं झोपताना सगळी बटणं बंद करतात. झालं, रिफ्रेश कधी होतच नाही. आणि पॅनल बदलायचं म्हटलं तर बिल जवळपास नव्या टीव्हीएवढं होतं.

वाकडवासींकडे बहुतेक संध्याकाळचा वापर असेल, तिथे ओएलईडी उत्तमच. तुमच्याकडे दुपारचं ऊन अधिक बातम्या, म्हणजे मिनी-एलईडी. त्याच्या मागे हजारो बारीक एलईडी असतात आणि ते गटागटाने मंद-तेज होतात, त्या गटांना डिमिंग झोन म्हणतात. झोन जितके जास्त तितकं बरं, कमी असले की काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धूसर उजेड पसरतो.

वाकडवासी

हो, आमच्याकडे दिवसभर कुणी घरात नसतं. दहा तास बातम्या असतील तर मीही मिनी-एलईडीच म्हणेन, सल्ला मागे घेतो.

पौडरोडकर

बाबा खरंच मेन स्विच बंद करतात रोज! हे मला सुचलंच नसतं. दुकानात एकानेही विचारलं नाही की टीव्हीवर काय बघता. मग मिनी-एलईडी नक्की. पण एका बॉक्सवर मोशन रेट २४० लिहिलंय, दुसऱ्यावर १२० हर्ट्झ, तिसऱ्यावर एचडीएमआय २.१ आहे पण ६० हर्ट्झ. यातलं खरं काय मानायचं?

रात्रपाळी

पॅनलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला खरोखर किती वेळा चित्र बदलतो (तेच हर्ट्झ), तेवढा विचारायचा, बाकी आकडे सोडून दे. मोशन रेट, क्लॅरिटी इंडेक्स हे ज्याने त्याने आपापल्या हिशोबाने लिहिलेले असतात, आतलं पॅनल बरेचदा ६० चंच असतं. एचडीएमआय (पीएस५ ची केबल लागते ते पोर्ट) २.१ चा पण तसाच घोळ, नुसतं २.१ लिहिलं म्हणजे फोर-के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) १२० हर्ट्झ मिळेलच असं नाही, त्यातलं एखादंच फीचर दिलं तरी २.१ छापतात. स्पेसिफिकेशनमध्ये फोर-के १२० हर्ट्झ, व्हीआरआर (खाली सांगतो) आणि एएलएलएम (गेम लागला की गेम मोड आपोआप चालू) ही तीन स्वतंत्र लिहिलेली आहेत का ते बघ.

१२० कशाला असं लोक विचारतात कारण बरेचसे गेम सेकंदाला ६० फ्रेमवरच (म्हणजे ६० चित्रांवर) चालतात. त्याचं उत्तर असं की पीएस५ च्या बऱ्याच मोठ्या गेममध्ये आता ४० फ्रेमचा मोड असतो, चित्र क्वालिटी मोडसारखं आणि हालचाल ३० पेक्षा कितीतरी मऊ. ४० ने १२० ला बरोबर भाग जातो, प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवली की झालं, ६० ला जात नाही म्हणून ६० हर्ट्झच्या टीव्हीवर तो मोड येतच नाही. व्हीआरआर म्हणजे गेमचा वेग वरखाली झाला की टीव्ही पण आपला वेग तसाच बदलतो, पीएस५ ला ते एप्रिल २०२२ च्या अपडेटमध्ये आलं आणि ४८ ते १२० च्या टप्प्यात चालतं. गेमला धाप लागते तिथे चित्र फाटत नाही.

अजून एक, पोर्ट मोजून घे. बऱ्याच टीव्हीत चारपैकी दोनच पोर्ट १२० चे असतात आणि त्यातलाच एक ईएआरसीचा (टीव्हीचा आवाज बाहेर देणारा), साउंडबार तिथेच लागतो. म्हणजे साउंडबार आणि पीएस५ लावलास की संपले. उद्या गेमिंग पीसी घेणार असशील तर आत्ताच विचार कर. आणि डॉल्बी व्हिजनसाठी (उजेड-अंधाराचा फरक जास्त खुलवणारा एचडीआरचा एक प्रकार) गेमपायी अडून बसू नकोस, पीएस५ एचडीआर१० च देतो. नेटफ्लिक्सला त्याचा उपयोग आहे, पण सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, त्यांचं एचडीआर१०+ आहे, एवढं लक्षात ठेव.

आणि गेम मोड चालू करायला विसरू नकोस. बाकीच्या मोडमध्ये टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो, बटण दाबल्यावर माणूस उशिरा उडी मारतो आणि आपल्याला वाटतं आपलाच हात चुकला.

हिशेबताई

टीव्हीतलं मला फार कळत नाही पण नो-कॉस्ट ईएमआय हा शब्द दिसला म्हणून लिहिते. नो-कॉस्टमध्ये व्याज असतंच, फक्त दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याज ही कल्पना योग्य नाही असं बजावलं होतं, त्यानंतर हा सूट-आणि-व्याजाचा प्रकार रुळला.

तुझ्या आकड्यांवर हिशेब करून दाखवते. टीव्ही ८०,०००, बारा हप्ते ६,६६७ चे. समजा बँकेचा दर १६ टक्के आहे. तर बँकेच्या वहीत तुझं कर्ज साधारण ७३,४७७ चं आणि व्याज ६,५२३. ते व्याज सुटीतून भरून निघालं, ठीक. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो तुझ्या खिशातून, ११७४ रुपये. वर प्रोसेसिंग फी, बरेचदा १९९ अधिक जीएसटी, म्हणजे २३५. झाले १४०० च्या पुढे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दुकानात जाऊन विचार की एकदम पैसे दिले तर किती कमी करता. जी सूट ते बँकेला देणार होते त्यातली बरीचशी तुला मिळू शकते. हे दोन्ही आकडे कागदावर लिहून माग आणि मग ठरव.

सिंहगडरोड

ताई, हिशेब बरोबर आहे पण ईएमआय म्हणजे पाप असंही नाही हो. १४०० रुपयांत वर्षभर ८० हजार हाताशी राहतात, घरात म्हातारे आईवडील आहेत, कधी हॉस्पिटलची वेळ आली तर तेच कामाला येतात. मी फ्रिज असाच घेतला आणि मला काही त्रास झाला नाही. एवढंच की बऱ्याच कार्डांवर ईएमआयला रिवॉर्ड पॉइंट मिळत नाहीत आणि ईएमआय आधी बंद केला तर प्री-क्लोजर चार्ज लागतो, ते आधी वाचून घ्या.

एकदम स्वाइप करणार असाल तर स्टेटमेंटची तारीख बघून करा. माझं स्टेटमेंट १२ तारखेला येतं आणि भरायला पुढे २० दिवस. मोठी खरेदी मी १३-१४ ला करतो, म्हणजे जवळजवळ ५० दिवस बिनव्याजी. तीच ११ ला केली तर वीस-एकवीस दिवसच हातात.

हिशेबताई

तुमचा मुद्दा मान्य, हाताशी पैसे हवेतच. पण पौडरोडकर जानेवारीत होम लोन घेणार आहे, त्याच्यासाठी गणित वेगळं आहे. ईएमआय केला की पूर्ण रक्कम कार्डाच्या लिमिटमधून अडकते आणि हप्ते भरत जाल तशी हळूहळू सुटते. १ लाख २० हजारातले ८० अडकले म्हणजे ६७ टक्के वापर, साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असं म्हणतात. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी क्रेडिट ब्युरोला (कर्ज-कार्डांची नोंद ठेवणारी संस्था, होम लोनवाले तिथेच बघतात) माहिती पाठवावी लागते, त्यामुळे हे लगेच दिसतं. शिवाय होम लोनवाले पगारातून चालू हप्ते वजा करून मगच तुम्ही किती हप्ता झेपवाल ते ठरवतात. टीव्हीचे महिन्याला ६,६६७ त्यात धरले तर फ्लॅटच्या कर्जाची रक्कम काही लाखांनी खाली येऊ शकते.

टीव्हीसाठी फ्लॅट अडवू नकोस रे.

सातारारोड

ताईंचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. २०१९ मध्ये मी अशाच उत्साहात प्रोजेक्टर, स्पीकर, सगळं कार्डावर घेतलं, ८० हजारच झाले होते योगायोगाने. पहिल्या बिलावर मिनिमम ड्यू ४ हजार लिहिलेलं, मला वाटलं एवढे भरले की महिना सुटला. कस्टमर केअरच्या माणसाने पण फोनवर तेच सांगितलं, सर मिनिमम भरा काही प्रॉब्लेम नाही. उरले ७६ हजार, त्यावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,६६० व्याज, व्याजावर जीएसटी ४७९. चार हजार भरले त्यातले तीन हजारांच्या वर व्याजातच गेले आणि मूळ कर्ज तिथल्या तिथे. आणि हे कुणी सांगत नाही की बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून व्याज. चौदा महिने मी हे करत होतो. बायकोला सांगितलं नव्हतं, रोज रात्री पिक्चर लावायचो आणि बिलाच्या मेसेजची धास्ती घ्यायचो. शेवटी तिनेच एक एफडी मोडायला लावली आणि एकरकमी भरून सुटलो.

आता माझ्याकडे एकच कार्ड आहे, ऑटो-डेबिटला टोटल अमाउंट ड्यू लावलंय. ते सेट करताना दोन पर्याय येतात, मिनिमम आणि टोटल, घाईत मिनिमम दाबलं जातं, कृपा करून आज सगळ्यांनी आपलं तपासा. आणि जुनी कार्डं बंद करायला लाजू नका, शिल्लक भरलेली असेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो.

पौडरोडकर

दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आत्ता ॲप उघडून बघितलं, माझं ऑटो-डेबिट मिनिममवरच होतं! मी दर महिन्याला हाताने पूर्ण भरतो म्हणून कळलं नव्हतं, एखादा महिना विसरलो असतो तर गेलोच होतो. बदललं.

पडदाप्रेमी

सातारारोड, प्रोजेक्टर अजून आहे का हो? मी प्रोजेक्टरवाला आहे म्हणून विचारलं. धागाकर्त्याला मात्र देणार नाही सल्ला, पश्चिमेच्या उन्हात पडदा पांढराफटक पडतो, जाड पडदे लावून घर अंधारं करायची तयारी असेल तरच.

पण पिक्चरबद्दल एक सांगायचंय. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० हर्ट्झवर २४ चा भाग बसत नाही म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवावी लागते आणि कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा बारीक हिसके जाणवतात. १२० मध्ये प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा, एकदम शांत. म्हणजे १२० चा फायदा शनिवारच्या पिक्चरला पण आहे, फक्त गेमला नाही. आणि टीव्ही आला की पहिल्या दिवशी मोशन स्मूदनिंग बंद करा. तो मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि मग कितीही मोठा पिक्चर असो, दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. प्रत्येक कंपनीत त्याचं नाव वेगळं असतं, सेटिंगमध्ये हुडकावं लागतं. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, त्यात हे सगळं आपोआप बंद होतं. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, दुकानातल्या निळ्या चित्राची सवय असते आपल्याला. नंतर चेहरे माणसांसारखे दिसायला लागतात.

आणि नेटफ्लिक्सचं फोर-के सगळ्यात वरच्या प्लॅनमध्येच मिळतं, खालच्या प्लॅनवर फोर-के टीव्ही घेऊन एचडीच बघत बसाल.

हिशेबताई

ते सबस्क्रिप्शन कार्डावर ऑटो-पेला असतील ना, तेही एकदा बघून घ्या सगळे. दीडशे-दोनशे करत महिन्याला हजार जातात आणि स्टेटमेंट कुणी ओळीओळीने वाचत नाही. मी वाचते, पेन घेऊन.

पौडरोडकर

काल टेप घेऊन हॉल मोजला. सोफ्यापासून भिंत साडेसात फूट. साइझचा हिशेब कसा करायचा?

रात्रपाळी

टीव्हीच्या इंचांना १.६ ने गुण, तेवढ्या इंचांवर बसलास तर स्क्रीन डोळ्यांसमोर ३० अंशांत भरते, साध्या बघण्याला पुरे. १.२ ने गुणलंस तर ४० अंश, थेटरसारखं. ५५ गुणिले १.६ म्हणजे ८८ इंच, सात फूट चार इंच, तुझ्या जागेला चपखल. ६५ पण बसेल, साडेसातवरून तो ३० आणि ४० च्या मधे येतो, पिक्चरला मजा जास्त. जागा आणि पैसे असतील तर ६५, नाहीतर ५५ ने काही बिघडत नाही.

पौडरोडकर

जागेनेच निर्णय केला. शोकेस आणि देवघर यांच्यामध्ये भिंत साडेचार फूट आहे. ६५ ची रुंदी जवळपास पावणेपाच फूट होते, म्हणजे टीव्ही देवघरासमोर आला असता आणि ते आईला चालणार नाही, मलाही नाही. ५५ चार फुटांत बसतो.

दुकानात परत गेलो, या वेळी आईला घेऊन. तिला तिरकं उभं केलं, दिवाणावरून जसं दिसेल तसं. एका मॉडेलवर तिथून रंग उडाल्यासारखे दिसत होते, तिनेच सांगितलं की हे फिकं आहे. दुसऱ्यावर बरं होतं. सेल्समनला म्हटलं दुकानचा मोड काढा, सिनेमा मोड लावा, तेव्हा खरं कळलं.

तपकीरगल्ली

आईंना नेलंत हे सगळ्यात छान केलंत. त्या पहिल्या मॉडेलचं पॅनल व्हीए प्रकारचं असणार. त्यात समोरून काळं गडद, कॉन्ट्रास्ट (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्यातला फरक) ३००० ला एकच्या वर, पण बाजूने फिकं पडतं. आयपीएस या दुसऱ्या प्रकारात बाजूने चांगलं पण कॉन्ट्रास्ट हजाराच्या आसपास. काही कंपन्या व्हीएवर वेगळा थर देऊन कोन सुधारतात, दुसरा तसला असेल. त्यातूनही वाटलं तर फिरता ब्रॅकेट घ्या, मालिकेच्या वेळी टीव्ही दिवाणाकडे वळवायचा.

आता डिलिव्हरीचं ऐका. खोका फोडताना व्हिडिओ काढा, माणूस जायच्या आत टीव्ही चालू करून पूर्ण पांढरी, लाल, हिरवी, निळी, काळी स्क्रीन लावून बघा, डेड पिक्सेल तिथेच दिसतो. भिंत पावसाळ्यात ओल धरते का ते आताच हात लावून बघा, ओल असेल तर थोडं पुढे काढून लावा. स्टॅबिलायझरच्या मागे लागू नका, आजकालच्या बऱ्याच टीव्हींचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट घेतो, धोका वीज परत येते तेव्हाच्या झटक्याचा असतो. चांगला स्पाइक गार्ड लावा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा, अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचा उपयोग नावापुरताच. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा पीएस५ रेस्ट मोडमध्ये ठेवू नका, पूर्ण बंद करा, डेटा लिहिला जात असताना वीज गेली तर खराब होऊ शकतो. गेम चालू असताना तो २०० वॅटच्या आसपास खातो, एक छोटा यूपीएस टाकलात तर सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो.

पौडरोडकर

अपडेट देतो, सहा आठवडे झाले.

५५ इंची मिनी-एलईडी घेतला, १२० हर्ट्झ नेटिव्ह. दुकानदाराला दोन्ही आकडे लिहून मागितले तर ईएमआयला ६६ हजार आणि एकदम दिले तर ६१,५००. ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, त्याचा फायदा किमतीत आधीच धरलेला होता. स्टेटमेंट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वाइप केलं आणि पुढचं स्टेटमेंट यायच्या चार दिवस आधीच आरडीच्या पैशांतून पूर्ण भरून टाकलं, ताईंचं ऐकून, म्हणजे स्टेटमेंटमध्ये वापर नऊ टक्केच दिसला. पन्नास दिवस वापरता आले असते पण होम लोनच्या आधी मला ती जोखीम नको होती.

बाबांनी उन्हात पडदा न ओढता बातम्या बघितल्या आणि म्हणाले पट्टी आता चष्म्याशिवाय वाचता येते. शनिवारी फिल्ममेकर मोड लावून पिक्चर बघितला, बायको म्हणाली हे बरंय, डोळे दुखत नाहीत. ४० फ्रेमचा मोड पण लावला, रात्रपाळी, तुझ्यामुळे, आता ३० वर परत जाववत नाही.

एकच शंका उरलीये. व्हीआरआर चालू असलं की काही गेमच्या लोडिंग स्क्रीनवर अंधाऱ्या भागात बारीक लुकलुक होते. टीव्ही खराब आहे का?

रात्रपाळी

नाही रे, खराब नाही. लोडिंगला फ्रेमरेट एकदम खाली-वर होतो आणि त्याबरोबर पॅनलचा उजेड किंचित बदलतो, अंधारात ते डोळ्याला कळतं. खेळताना होत नसेल तर सोडून दे. होत असेल तर तो गेम खेळायच्या वेळी पीएस५ च्या व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन व्हीआरआर बंद कर, आणि टीव्हीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आलंय का ते एकदा बघ.